डीएचटीमध्ये नोड आयडी बाइटमध्ये कसा भरायचा

बिटटॉरेंटचा डीएचटी (मधल्या सर्व्हरशिवाय फाइलवाले शोधून देणारं जाळं) चालवणारा नोड, म्हणजे त्या जाळ्यातला एक प्रोग्रॅम, स्वतः लिहायला बसलं की माणूस पहिली माती खातो ती नोड आयडीत. आयडी म्हणजे १६० बिट, बरोबर २० बाइट, आणि पाठवायचे ते कच्चे बाइटच. लॉगमध्ये दिसतं ते ४० अक्षरांचं हेक्स आपल्या डोळ्यांसाठी, तेच पॅकेटमध्ये टाकलंत तर समोरून एकतर २०३ नंबरचा एरर येणार नाहीतर काहीच येणार नाही.

आयडी सिस्टिमच्या सिक्युअर रँडममधून एकदाच काढा आणि फाइलमध्ये सेव्ह करा. दर रीस्टार्टला नवा काढलात तर बाकीच्यांनी राउटिंग टेबलात (ओळखीच्या नोडच्या यादीत) तुम्हाला जिथे बसवलंय ते सगळं फुकट, कारण दोन नोडमधलं अंतर दोन आयडींचा एक्सऑर (बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) करूनच ठरतं.

मेसेज बेनकोडमध्ये (बिटटॉरेंटची डेटा लिहायची पद्धत) असतो, म्हणजे आयडी लिहिताना आधी २०, मग कोलन (आकडे आस्कीतले हां, देवनागरी नव्हे) आणि लगेच ते २० बाइट. लांबी बाइटची मोजायची, अक्षरांची नाही. मी आलेला आयडी युटीएफ-८ म्हणून डिकोड करून परत पाठवत होतो, त्यात १२८ च्या पुढचे बरेचसे बाइट त्या प्रश्नचिन्हवाल्या ठोकळ्यात बदलायचे, एकेक ठोकळा ३ बाइटचा, म्हणजे २० चे कधी ३८ कधी ४२, आणि मी दोन संध्याकाळी राउटरला शिव्या घालत बसलो. पायथनमध्ये हे सगळं बाइट्समध्येच ठेवा, स्ट्रिंग करूच नका.

नोड्सची यादी येते तेव्हा एकेक नोड २६ बाइटचा असतो: २० आयडी, ४ आयपी, २ पोर्ट. मध्ये कॉमा नाही, काही नाही, सगळे एकमेकांना चिकटून. ८ नोड म्हणजे २०८ बाइट. लांबीला २६ ने पूर्ण भाग जात नसेल तर ती यादी सरळ टाकून द्या. आयपीव्ही६ चे नोड ३८ बाइटचे आणि मेसेजमधली त्यांची की (यादीचं नाव) वेगळी असते, ते यात मिसळू नका.

पोर्टचा मोठा बाइट आधी. ६८८१ म्हणजे २६ आणि मग २२५, उलटं लिहिलंत तर तो ५७६२६ होतो आणि तिथे कोणी ऐकत नसतं.

टेस्ट करताना आपल्याच कोडचे दोन नोड एकमेकांशी बोलवू नका, दोघंही सारखंच उलटं लिहितात आणि सारखंच उलटं वाचतात, सगळं मस्त चाललंय असं वाटतं. ट्रान्समिशन किंवा क्यूबिटटॉरेंटसारखा तयार टॉरेंट क्लायंट चालू करा, त्याच्या यूडीपी पोर्टला डीएचटीचा पिंग मेसेज टाका आणि उत्तरातल्या आयडीची लांबी प्रिंट करून बघा, २० आली पाहिजे.