कुत्र्याचं पोट सारखं बिघडतंय? आधी या चुका टाळा

बेळगावात आमच्या टिळकवाडीत सकाळी फिरायला निघालं की चार कुत्रीवाले भेटतात आणि त्यातल्या दोघांचं तरी तेच असतं, पातळ होतंय, गॅस होतोय, खाईना झालंय, काय देऊ सांगा की. मी आता उलटंच विचारतो, सध्या काय काय देताय ते आधी सांगा. बहुतेक वेळा नवीन काही घालायचं नसतं, चालू असलेलं काहीतरी बंद करायचं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खाणं एका रात्रीत बदलणं आणि पोट बिघडलं की त्यावर पावडरींचा मारा. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, तीन-साडेतीन महिन्यांचं. जुनं पाकीट संपलं म्हणून दुसऱ्या कंपनीचं सुरू केलं, दुसऱ्या दिवशी पातळ झालं, मग दहीभात, मग प्रोबायोटिक, म्हणजे पचनाला मदत करणाऱ्या चांगल्या जिवाणूंची पावडर, मग लिव्हर टॉनिक, आणि केस चमकतात म्हणून कुणीतरी सांगितलं तर चमचाभर फिश ऑईल. फिश ऑईल जास्त झालं की त्यानंच जुलाब होतात हे त्याला माहीतच नव्हतं. पाचव्या दिवशी रात्री दहाला फोन, "काका, आज धा वेळा झालंय, आता कुठली पावडर देऊ?" जाऊन बघतो तर हिरड्या कोरड्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर परत बसेना, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. तसंच उचलून डॉक्टरांकडं नेलं, सलाईन लावलं, शी तपासली तर जंतच जंत. आणल्यापासून जंताचं औषधच दिलेलं नव्हतं! पाच दिवस ते एवढंसं पिल्लू सोसत होतं आणि मूळ कारण तसंच. मला त्या रात्री फार वाईट वाटलं, कारण पोराची माया खोटी नव्हती, घाई नडली.

तर खाणं बदलताना सात ते दहा दिवस घ्या. मी दहाच घेतो, कुत्रं कितीही धडधाकट असलं तरी. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. सप्लिमेंट एका वेळी एकच, आणि पुढचे आठ-दहा दिवस दुसरं काही नाही, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार कसं? मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो, जंताच्या औषधाची तारीखसुद्धा तिथंच. पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, मोठ्याला साधारण तीन महिन्यांनी, डोस वजनाप्रमाणं डॉक्टरांना विचारून.

दुसरी चूक आपल्या भागातली खास. गावोगावी लक्ष्मीची यात्रा असते, घरात बकरं पडतं, पाव्हणे जेवून उठले की ताटातलं सगळं कुत्र्यापुढं. आमच्याच घरच्या खंड्याला एका यात्रेत चरबी, रस्सा, हाडं सगळं मिळालं, प्रत्येकानं प्रेमानं थोडं थोडं घातलेलं. दुसऱ्या दिवशी उलट्या, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरून उभा, पोटाला हात लावू देईना. स्वादुपिंडाला सूज आली होती, तीन दिवस सलाईनवर काढले. तेलकट-चरबीचं एकदम खाल्लं की असं होऊ शकतं. रस्श्यातला कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतडं फाडतं. तेव्हापासून यात्रेला कुत्रं मागच्या खोलीत आणि त्याची थाळी वेगळी, पाव्हणे रुसले तरी चालतील.

बाकीचं थोडक्यात. म्हशीचं दूध मोठ्या कुत्र्याला रोज घालू नका, बऱ्याच जणांना पचत नाही, त्यापेक्षा बिनसाखरेचं ताजं दही चमचाभर. नुसत्या भाकरी-दुधावर कुत्रं ठेवू नका, अंडं-चिकन लागतंच. अथणीकडून बेदाणे आले तर डबा उंचावर ठेवा, द्राक्षं-बेदाण्यांनी किडनी जाऊ शकते. इसबगोल पाण्याशिवाय नको. अँटिबायोटिक चालू असेल तर प्रोबायोटिक दोन तासांच्या अंतरानं. आणि आपल्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनला हातसुद्धा लावू नका.

साधं बिघडलं असेल तर मी मऊ भात आणि कातडी काढून उकडलेलं चिकन देतो, मीठ-मसाला नाही, थोडं थोडं दिवसातून चार वेळा, वर उकडलेला तांबडा भोपळा चमचाभर. पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचं नाही. शीमध्ये रक्त, काळी शी, सारख्या उलट्या, किंवा लस पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर घरचे उपाय बंद, पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार असू शकतो. मुधोळसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून ओकारी नुसतीच येत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा. आणि खाईना झालंय, पण पोट बरं दिसतंय, तर कानामागं गोचीड बघा, हिरड्या फिकट आहेत का बघा, गोचीडतापात पण कुत्रं असंच खाणं सोडतं आणि आपण महिनाभर भुकेचं टॉनिक पाजत बसतो.