होडीवर लिथियम बॅटरी: नारळी पौर्णिमेआधीची तयारी

१ जूनला मासेमारी बंद झाली, होडी वर ओढून ताडपत्रीने शाकारली, की ३१ जुलैपर्यंतचे दिवस आपले असतात. लिथियम बॅटरी बसवायची असेल तर याच दिवसांत बसवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बर्फ, डिझेल आणि जाळी यांच्या धावपळीत हे काम होत नाही, आणि झालं तरी नीट होत नाही. पुढचं सगळं मी बत्तीस फुटी फायबरची होडी, आत बसवलेलं डिझेल इंजिन आणि बारा व्होल्टचं वायरिंग धरून लिहितोय. तुमची होडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, कामांचा क्रम मात्र हाच ठेवा.

क्रमाबद्दल एवढा आग्रह का, ते सांगतो. माझ्या मामाच्या होडीवर शिशाची बॅटरी काढून लिथियम बसवली होती. रेडिओ, जीपीएस, दिवे, तळातलं पाणी उपसणारा पंप, सगळं त्या एका बॅटरीवर. रात्री पूर्णगडच्या बाहेर इंजिन चालू असताना एक सेल बाकीच्या तिघांच्या आधी पूर्ण भरला आणि बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या रक्षक सर्किटने, बॅटरी तोडली. त्याने त्याचं काम चोख केलं. पण भरधाव चाललेल्या अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, विजेला जायला जागाच उरली नाही, व्होल्टेज उसळलं, आणि अल्टरनेटरचे डायोड, जीपीएस आणि रेडिओ एकदम गेले. डिझेल इंजिनाला चालायला वीज लागत नाही म्हणून ते चालत राहिलं. मामा रत्नदुर्गाच्या दीपगृहाचा उजेड धरून अंधारात परत आले. बॅटरी शाबूत होती, संकटात होती ती माणसं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारा: बॅटरी कशी वाचेल, आणि बॅटरीने स्वतःला वाचवलं की होडीवर काय चालू राहील?

पहिलं काम वहीतलं. रोज किती वीज लागते ते मोजल्याशिवाय खरेदीला जाऊ नका. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर, घेऊन एकेक उपकरण चालू करा आणि अँपिअर लिहा. आमच्या होडीचा हिशोब असा निघाला: जीपीएस आणि फिशफाइंडर मिळून २ अँपिअर, बारा तास, २४ एएच, म्हणजे अँपिअर-तास. नौकेचे दिवे १ अँपिअर, बारा तास, १२. डेकवरचे एलईडी ६ अँपिअर, आठ तास, ४८. रेडिओ नुसता ऐकताना अर्धा अँपिअर, चोवीस तास, १२. पंखा आणि मोबाइल ३ अँपिअर, दहा तास, ३०. बेरीज १२६. २८० एएचचे चार सेल एकापुढे एक जोडले तर १२.८ व्होल्ट मिळतात, आणि त्यातले ऐंशी टक्के वापरायचे ठरवले तर २२४ एएच हातात येतात. म्हणजे इंजिनाने काहीच भरलं नाही तरी दीड दिवसापेक्षा जास्त. याहून मोठी बॅटरी घेण्याचा मोह टाळा. ते पैसे फ्यूज आणि केबलवर घाला.

सेल एलएफपीचेच घ्या, म्हणजे लोह-फॉस्फेटचे. केरळात वैकमला २०१७ पासून धावणारी ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट लिथियमवरच चालते. कोचीच्या वॉटर मेट्रोने २०२३ मध्ये टायटनेटचे सेल वापरले, ते फार टिकाऊ, पण महाग आणि जड. आपल्या होडीला एलएफपी परवडतं आणि पुरतं. जुन्या स्कूटरच्या बॅटऱ्या फोडून केलेले पॅक स्वस्त मिळतात, ते समुद्रावर नेऊ नका. त्यांतली रसायनं बऱ्याचदा वेगळी, लवकर पेटणारी असतात आणि सेलने आधी काय भोगलंय ते कुणालाच माहीत नसतं.

सेल घरी आले की पेटी उघडतानाच फोटो काढा. फुगलेला, कोपरा चेपलेला किंवा निळं वेष्टन फाटलेला सेल त्याच दिवशी परत करा. मग प्रत्येकाचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजून सेलवर मार्करने लिहा. चारही सेल व्होल्टच्या शंभराव्या भागापर्यंत जुळले तर उत्तम. एखाद्याचा रोध बाकीच्यांच्या दीडपट असेल तर तो बदलून मागा.

आता सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम: चारही सेल वरच्या टोकाला समान भरणं. मामाच्या होडीवर नेमकं हेच राहून गेलं होतं. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, ३.२ ते ३.३ च्या आसपास. त्यामुळे एक सेल सत्तर टक्के आणि दुसरा साठ टक्के भरलेला असला तरी मीटरवर फरक दिसत नाही. तो दिसतो अगदी शेवटी, जेव्हा एक सेल झपकन ३.६५ ला पोचतो. उपाय साधा आहे. आधी चारही सेल एकापुढे एक जोडा, बीएमएस लावा आणि चार्जरने भरत न्या, पहिला सेल ३.५ च्या वर जाईपर्यंत. मग बसबार, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या, काढून चारही सेल शेजारी-शेजारी समांतर जोडा आणि बेंच पॉवर सप्लायने, म्हणजे व्होल्टेज हवा तेवढा लावता येणाऱ्या टेबलावरच्या यंत्राने, ३.६५ व्होल्टवर धरून ठेवा. प्रवाह जवळजवळ शून्य झाला की झालं. पहिली पायरी गाळू नका. समांतर जोडलेले चार सेल म्हणजे ११२० एएच, आणि तीस टक्क्यांवरून दहा अँपिअरने भरायला बसलात तर अठ्ठ्याहत्तर तास लागतील. शिवाय पावसात वीज जाते-येते, ते वेगळंच.

पॉवर सप्लायचा ३.६५ चा आकडा सेल जोडण्याआधी, मोकळ्या वायरांवर लावा आणि वेगळ्या मल्टिमीटरने ताडून बघा. प्रवाह कमी दिसतो म्हणून सेल जोडलेले असताना व्होल्टेजची कळ फिरवणारे लोक मी पाहिलेत. पातळ वायरीत व्होल्ट पडतात म्हणून तो आकडा कमी दिसत असतो. कळ फिरवून ठेवली की शेवटी प्रवाह घटतो, वायरीतली घट संपते, आणि सेल चार व्होल्टवर जाऊन फुगतो. हे चालू असताना घरात कुणीतरी जागं असलं पाहिजे.

पेटीची जागा होडी वर ओढलेली असतानाच ठरवा. इंजिनच्या खणात नाही, तिथे पन्नास अंशांच्या वर जातं आणि उष्णतेत सेल लवकर म्हातारे होतात. तळाशीही नाही, कारण पाणी तिथेच साचतं. आम्ही केबिनमधल्या बाकाखाली, तळापासून हातभर वर ठेवली. सेलच्या धातूच्या डब्यातही थोडा व्होल्टेज असतो आणि निळं वेष्टन कागदाइतकं पातळ, म्हणून दोन सेलांमध्ये फायबरचा पातळ पत्रा घाला. दोन्ही बाजूंनी प्लायवुड लावून आटे असलेल्या सळ्यांनी हलका दाब द्या, आवळून चिरडू नका. लाटांचे हादरे सेलच्या अग्रांवर, म्हणजे जोडणीच्या टोकांवर, येऊ नयेत म्हणून बसबार लवचीक घ्या. पेटीला झाकण हवं, पण ती हवाबंद नको. सेलने कधी वायू सोडलाच तर तो केबिनमध्ये न येता बाहेर जाईल अशी एक नळी काढा.

फ्यूजबद्दल मी थोडा हट्टी आहे. शिशाच्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त, म्हणून शॉर्ट झालं तरी प्रवाहाला मर्यादा असते. या चार सेलांचा मिळून रोध एक मिलिओहमच्या आसपास. पाना हातातून निसटून दोन अग्रांवर पडला तर हजारो अँपिअर वाहतात. असा प्रवाह साधा फ्यूज तोडू शकत नाही, तो वितळतो आणि आतली ठिणगी तशीच जळत राहते. क्लास-टी प्रकारचा फ्यूज घ्या, तो वीस हजार अँपिअर तोडतो. अमेरिकेच्या एबीवायसी या बोटींसाठीच्या मानकात फ्यूज उगमापासून सात इंचांच्या आत हवा असं आहे, तेच अंतर पाळा. आणि घरातला एसी एमसीबी इथे लावू नका. एसीची ठिणगी सेकंदात शंभर वेळा शून्यावर येऊन विझते, डीसीची विझत नाही. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी नको.

केबलचा हिशोब स्वतः करा. इन्व्हर्टर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर. पस्तीस चौरस मिलिमीटरच्या तांब्यात त्याचा रोध साधारण तीन मिलिओहम. शंभर अँपिअरला ०.३ व्होल्ट घट आणि तीस वॅट उष्णता. ठीक आहे. पंचवीसच्या केबलला ठीक नाही. तांबं कथिलाचा मुलामा दिलेलंच घ्या, नाहीतर खाऱ्या हवेत दोन मोसमांत वायर आतून काळी पडते. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा, हातोडी-छिन्नीने नाही, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. सेलची अग्रं जोडायच्या आधी घासून पुसून घ्या. नट सेलच्या माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कवर आवळा, कारण तिथली आटी मऊ अॅल्युमिनियमची असतात.

बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे, रोजचा स्विच नव्हे. म्हणून त्याच्या आधी दोन कुंपणं घाला. चार्जर १४.२ व्होल्टला थांबवा, म्हणजे सेलला ३.५५. बीएमएस सेलमागे ३.६५ ला तोडेल, ती वेळच येऊ नये. उतरताना शंटवाल्या, म्हणजे आत-बाहेर जाणारी वीज मोजणाऱ्या, मीटरचा गजर पंचवीस टक्क्यांवर ठेवा, इन्व्हर्टर १२.२ ला बंद होऊ द्या आणि बीएमएस सेलमागे २.६ वर ठेवा. किती वीज उरलीय ते व्होल्टेजवरून ओळखायची शिशाची सवय सोडावी लागेल. शंटशिवाय एलएफपी म्हणजे काटा नसलेली डिझेलची टाकी. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्यातले कपॅसिटर एकदम प्रवाह ओढतात आणि बीएमएस शॉर्ट समजून तोडतो, म्हणून आधी एका रेझिस्टरमधून दोन-चार सेकंद भरून घ्या.

आता मामांच्या रात्रीवरचा इलाज. इंजिन सुरू करणारी शिशाची बॅटरी काढू नका. अल्टरनेटर कायम तिलाच जोडलेला राहू द्या आणि तिच्यातून लिथियमला तीस अँपिअरच्या डीसी-टू-डीसी चार्जरमार्फत वीज द्या. यात दोन गोष्टी साधतात. लिथियमच्या बीएमएसने तोडलं तरी अल्टरनेटरला शिशाचा आधार राहतो. आणि शिशाची बॅटरी भरत आली की आपोआप कमी ओढते तसं लिथियम करत नाही, शेवटपर्यंत मिळेल तेवढं खेचतं. मंद चालणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वारा पुरत नाही आणि आतली गुंडाळी जळते. तीस अँपिअरचा लगाम त्यालाही वाचवतो. मग रेडिओ, नौकेचे दिवे आणि तळाचा पंप यांना लिथियम आणि शिसं या दोन्हींकडून वीज मिळेल असा बदलीचा स्विच बसवा. पंपाचा फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा स्विच, मात्र थेट शिशावर, वेगळ्या फ्यूजमधून. कुणी स्विच विसरला तरी पाणी उपसलं गेलं पाहिजे.

विमा असेल तर बदल लेखी कळवा आणि पोच घेऊन ठेवा.

आगीची तयारी मनातही करायला लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेच्या ‘इटरॉयनिंगन’ फेरीबोटीच्या बॅटरीच्या खोलीत आग लागली. आग आटोक्यात आल्यासारखी वाटली, आणि दुसऱ्या दिवशी डेकखाली साठलेल्या वायूचा स्फोट झाला. अग्निशमनच्या जवानांना विषारी वायूमुळे रुग्णालयात न्यावं लागलं. एलएफपी सहसा भडकत नाही, पण तापलेला सेल पेटणारा आणि श्वासाला घातक वायू सोडतोच. खलाशांना तीन गोष्टी पाठ करून द्या: मुख्य स्विच कुठे आहे, धूर दिसला की सगळे डेकवर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, आणि धूर थांबला तरी पेटीचं झाकण उघडायचं नाही.

होडी पाण्यात उतरवायला उशीर होणार असेल तर बॅटरी अर्धी भरून, तोडून, कोरड्या खोलीत ठेवा. पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवलेली बॅटरी वापर न होताही झिजते.

नारळी पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी होडी खाडीत नांगरा आणि संध्याकाळी बसा. सगळे दिवे, रेडिओ, इन्व्हर्टर चालू करा, इंजिन चालू ठेवा, अर्ध्या तासाने प्रत्येक थिंबलवर बोट ठेवून बघा. जो गरम लागेल तो काढून पुन्हा दाबा. मग तांडेलाला न सांगता बीएमएस मोबाइलवरून बंद करा. केबिन अंधारेल. त्याने घड्याळाच्या एका मिनिटात बदलीचा स्विच शोधून रेडिओ आणि दिवे परत आणले पाहिजेत. आमच्याकडे पहिल्या वेळी चार मिनिटं लागली, स्विच जाळ्याच्या ढिगामागे होता. तो आम्ही सुकाणूच्या उजव्या हाताला आणला, वर लाल रंग दिला, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बंद करून पाहिलं.