पाण्याचं रॉकेट उडत नाही? आधी या चुका टाळा

कापसाची दुसरी वेचणी सुरू झाली की आमच्या भागात विज्ञान प्रदर्शनांचे दिवस येतात. दर प्रदर्शनात कोल्ड्रिंकच्या बाटलीचं रॉकेट असतंच: बाटलीत थोडं पाणी, तोंडाला बूच, बाटली उलटी उभी करून बुचातून पंपाने हवा भरायची; दाब वाढला की बूच सुटतं, पाणी खाली फेकलं जातं आणि बाटली वर जाते. आणि दर वर्षी पोरं त्याच चुका करतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

सगळ्यात जुनी चूक डोक्यातली आहे. रॉकेट जमिनीला किंवा हवेला रेटा देऊन वर जातं, असं पोरांना वाटतं, आणि त्यांच्या वडिलांनाही. मग प्रश्न येतो, "सर, वर हवाच नाही, तं रॉकेट कायले टेकून जाते?" ही समजूत भल्याभल्यांची होती. अमेरिकेत रॉबर्ट गॉडार्ड रॉकेटवर काम करत होते, तेव्हा १३ जानेवारी १९२० च्या अग्रलेखात न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं की निर्वात पोकळीत रॉकेट चालणार नाही, एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं. चूक सुधारली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गॉडार्ड १९४५ मध्येच वारले होते.

मी हे फळ्यावर शिकवत नाही, शेतात नेतो. रात्रीची लाइन आली, मोटर सुरू केली की लपेटा पाइपाचं तोंड कसं मागे उसळतं, हे ओलीत करणाऱ्या घरच्या प्रत्येक पोराने पाहिलेलं असतं. पाणी पुढे जातं, पाइप मागे. पाणी कशावर आपटलं म्हणून हे होत नाही. पाइपातून ते जोराने पुढे फेकलं गेलं, म्हणून होतं. तरी पटलं नाही तर बेरिंगच्या गाडीवर पोराला बसवायचं आणि मांडीवरचे दगड एकेक करून मागे फेकायला लावायचे. गाडी पुढे सरकते. रॉकेट हेच करतं, फक्त दगडांच्या जागी तापलेला वायू असतो. उलट निर्वातात त्याला जास्त जोर मिळतो, कारण बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा हवेचा दाब तिथे नसतो.

हे एकदा समजलं की पाणी किती भरायचं ते आपोआप कळतं. "पाणी म्हणजे पेट्रोल, जास्त भरलं तं जास्त उडन" म्हणून पोरं बाटली गळ्यापर्यंत भरतात. मग हवेला जागाच उरत नाही. जोर साठतो दाबलेल्या हवेत. पाणी हे मागे फेकायचं वजन. नुसती हवा भरली तर फेकायला वजन नाही, नुसतं पाणी भरलं तर फेकणारं कोणी नाही. मी २ लिटरच्या बाटलीत ६००-७०० मिली भरतो. मापाने भरतो, अंदाजाने नाही.

आता ज्या चुकीचा मला खरोखर राग येतो ती. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या प्रदर्शनात आठवीतल्या एका पोराचं रॉकेट होतं. तिरंग्याच्या रंगाचे सुबक पंख, पण बसवले होते शेंड्याकडे, दिसायला छान म्हणून. टोकाला वजन काहीच नाही. बूच सुटलं, बाटली दोन पुरुष उंच गेली, कोलांटी मारली आणि तिरपी होऊन थेट मंडपात घुसली. परीक्षकांच्या टेबलावरचे चहाचे कप उडाले. कोणाला लागलं नाही, हे नशीब. पोरगं धावत आलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, अजून हवा भरू काय?"

हाच तो प्रश्न. रॉकेट वाकडं गेलं, हवा भरा. उंच गेलं नाही, हवा भरा. वाकडं जाणारं रॉकेट जास्त हवेने जास्त जोरात वाकडं जातं, एवढंच.

त्याला घेऊन मी लिंबाखाली बसलो. पंख उपटून बाटलीच्या तोंडाकडे, म्हणजे रॉकेटच्या खालच्या बाजूला लावले. अर्धा कापलेला रबरी चेंडू काळ्या ओल्या मातीने भरून टोकावर चिकटवला. मग रिकाम्या बाटलीचा तोल जिथे साधतो तिथे दोरी बांधून ती डोक्यावरून गरगर फिरवली. टोक पुढे ठेवून फिरली तर सरळ उडणार, गोते खाल्ले तर टोकाला अजून माती. बाटली रिकामीच घ्यायची, कारण पाणी क्षणात निघून जातं आणि उरलेला प्रवास रिकामी बाटलीच करते. तासभर गेला. दुपारी ते रॉकेट लिंबाच्या शेंड्यावरून सरळ गेलं. तेव्हापासून दोरीवर फिरवल्याशिवाय मी एकही रॉकेट उडवू देत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. टोकात दगड किंवा खिळे घालणाऱ्याला तर मैदानातच येऊ देत नाही.

पाण्याची पातळ बाटली वापरू नका, कोल्ड्रिंकचीच घ्या. उन्हात पडून कडक झालेली, चरा पडलेली बाटली फेकून द्या. पंखांना गरम गोंद लावू नका, प्लास्टिक कमजोर होतं. पंपाला दाब दाखवणारा काटा हवाच. मी ५० पीएसआयच्या पुढे जात नाही. फटाक्याची दारू, काड्यापेटीचा गूल यांचा तर विषयही काढू नका.

उंच गेलं म्हणजे अवकाशात टिकलं, ही चूक तक्त्यांवर हमखास दिसते. नुसतं १०० किलोमीटर सरळ वर गेलेलं यान तसंच खाली पडतं. ४०० किलोमीटरवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. तिथे टिकायला आडवा वेग लागतो, सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर. या वेगाने नागपूरहून मुंबई दीड मिनिटात येईल. बहुतेक इंधन खातो तो हा वेग. चंद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट उडताना सुमारे ६४० टन होतं, यान ३.९ टन. म्हणजे क्विंटलभर बोजा निघाला आणि पोचलं ६०० ग्रॅम. बाकीचं जाळलं, नाहीतर वाटेत टाकलं. टाकलेलं कधी खालीही येतं: २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आभाळातून धातूची मोठी कडी पडली, ती आठवत असेल.

शेवटची गोष्ट, बूच अडकलं तर. बाटलीवर वाकून पाहायला जाऊ नका. हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह मी बुचात न बसवता नळीच्या पंपाकडच्या टोकाला बसवतो आणि व्हॉल्व्ह व बाटली यांच्यामध्ये नळीला हवा बाहेर सोडणारा एक छोटा कॉक ठेवतो. रॉकेट सुटलं नाही तर दहा पावलांवरून कॉक उघडायचा, सगळी हवा जाऊ द्यायची, मगच जवळ जायचं.