हायकोर्टात फौजदारी अपील ऐकायला जाताय?

जरूर जा. कोर्ट सर्वांना खुलं असतं. मात्र बलात्काराच्या किंवा लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांसारख्या काही प्रकरणांत दार बंद असू शकतं. मुंबई हायकोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, वेबसाइटवर मिळते. त्यातून कोर्टरूम आणि अनुक्रमांक लिहून घ्या, ओळखपत्र सोबत ठेवा.

अपिलात साक्षीदार सहसा येत नाहीत. खालच्या कोर्टातल्या साक्षी, पंचनामे, निकाल हे सगळं 'पेपर बुक'मध्ये बांधलेलं असतं आणि वाद त्यावरच चालतो. वकील पान सांगतात, न्यायमूर्ती पानं उलटतात, आणि पंचाने उलटतपासणीत दिलेल्या एका वाक्यावर अर्धा तास जातो. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण कुणाची तरी जन्मठेप त्या वाक्यावर टिकते किंवा कोसळते. जन्मठेपेचं अपील दोन न्यायमूर्तींपुढे चालतं.

युक्तिवाद इंग्रजीत होतो, साक्षी मात्र पुष्कळदा मराठीतच वाचल्या जातात. मोबाइल बंद ठेवा, रेकॉर्डिंग अजिबात नको. मागच्या बाकावर बसा. शेजारी आरोपीची आई किंवा मयताचा भाऊ बसलेला असू शकतो, तेव्हा कुजबुजही टाळा. निकाल बऱ्याचदा राखून ठेवतात; तो नंतर वेबसाइटवर वाचता येतो.