एमआरच्या फोल्डरमागची चाचणी कशी तपासायची

श्रीवर्धनला माझा दवाखाना आहे. भर पावसातही एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, येतो आणि माहितीचं फोल्डर उघडून नव्या गोळीचा चढता आलेख समोर धरतो. त्या आलेखावर वाद घालू नका. गोळीच्या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक विचारा; सीटीआरआय म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांची भारतातली सरकारी नोंदवही. “डॉक्टर, ऑफिसमधून पाठवतो,” हे ठरलेलं उत्तर. तोवर सीटीआरआयच्या साइटवर औषधाचं नाव टाकून आपणच शोधावं. पैसे पडत नाहीत. भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे.

नोंद उघडली की आधी दोन तारखा बघा: नोंदणीची आणि पहिला रुग्ण घेतल्याची. रुग्ण आधी आणि नोंदणी मागाहून असेल तर सावध व्हा. १ एप्रिल २०१८ पासून अशी नोंदणी घेत नाहीत, पण जुन्या नोंदींत ती सापडते.

मग प्रायमरी आउटकम, म्हणजे औषधाचं यश ज्यावर मोजायचं असं आधीच ठरवलेलं मुख्य माप. इथे घाई नको. समजा, नोंदीत चोवीस आठवड्यांनंतरचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) लिहिलंय आणि फोल्डरमध्ये बाराव्या आठवड्याची उपाशीपोटीची साखर मिरवतेय. मग ठरवलेल्या मापाचं काय झालं, हे एमआरला तिथल्या तिथे विचारा. बिचारा गडबडतो, पण साहेबांपर्यंत निरोप जातो.

आता खरं काम. त्याच औषधाच्या बाकीच्या चाचण्या कागदावर उतरवा आणि संपलेली प्रत्येक चाचणी तिच्या क्रमांकाने पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, शोधा. संपून दोन वर्षं झाली नि पेपर नाही, तिथे फुली. हा उद्योग कशाला? नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांचा हिशोब अमेरिकेत २००८ साली छापून आला. एफडीए या तिथल्या औषध नियामक संस्थेच्या लेखी ३८ यशस्वी. त्यातल्या ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ यशस्वी असल्यासारख्या छापल्या. जशा होत्या तशा आल्या फक्त ३.

छापायला सवड नव्हती, ही सबब मला पटत नाही. आमच्या शेजारच्या महाडमधून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांवरची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली.

फुल्या जास्त झाल्या तर सीटीआरआयच्या नोंदीत शास्त्रीय चौकशीसाठी दिलेल्या ईमेलवर दोन ओळी टाका: निकाल कुठे छापलाय? उत्तर येईपर्यंत मी जुनीच गोळी लिहितो. ती स्वस्तही पडते.