देवाच्या हाकेला आजच प्रतिसाद कसा द्यावा

देवाला स्पष्ट शब्दांत नकार देणारी माणसे थोडी असतात. बहुतेक जण त्याला नुसते थांबायला सांगतात, आणि हे थांबवणे अतिशय सभ्य दिसते म्हणूनच ते अधिक घातक ठरते. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातील फेलिक्स या रोमी सुभेदाराचे उदाहरण पाहा. त्याच्या कैदेत असलेल्या प्रेषित पौलाने नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय यांविषयी भाषण केले, तेव्हा तो भयभीत झाला. म्हणजे हाक त्याच्या काळजापर्यंत पोहोचली होती. तरी त्याने पौलाला सांगितले की आता जा, सवड झाली म्हणजे बोलावीन. पुढे त्याने खरोखरच पौलाला अनेकदा बोलावले, परंतु ते लाच मिळेल या आशेने. दोन वर्षे अशी गेली, त्याच्या जागी दुसरा सुभेदार आला आणि पौल तुरुंगातच राहिला. फेलिक्स पुन्हा कधी भयभीत झाल्याचा उल्लेख मात्र शास्त्रात नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की हाक ओळखा. ती बहुधा आकाशवाणीच्या रूपात येत नाही. देवाचे वचन, म्हणजे बायबल, वाचताना एखादी ओळ मनाला सारखी टोचत राहते, एखादे जुने पाप झोपू देत नाही, किंवा सर्व काही ठीक चाललेले असतानाही देवाविना आपण रिते आहोत हे जाणवते. मंदिरात सेवा करणाऱ्या बाळ शमुवेलाला देवाची हाक ऐकू आली तेव्हा एली याजकच बोलावतो आहे असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावला, आणि एलीच्या सांगण्यावरून चौथ्या वेळी त्याने परमेश्वराला उत्तर दिले. तुमचाही असा गोंधळ होत असेल तर विश्वासात मुरलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला किंवा मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना सगळे मोकळेपणाने सांगा. मात्र विचारपूस हेच पुढे ढकलण्याचे नवे निमित्त होऊ देऊ नका.

मग प्रार्थना करा, आणि ती मोघम करू नका. “प्रभू, मी पापी आहे” असे म्हणणे खरे असले तरी सोपे असते. “मी भावाच्या वाट्याची रक्कम दडवली” असे म्हणताना जीभ अडखळते, आणि खरा पश्चात्ताप बहुधा त्या अडखळण्यापाशीच सुरू होतो. एकांतात बसा, पापाचे नाव घ्या, ख्रिस्ताने वधस्तंभावर तुमच्यासाठी प्राण दिला यावर भरवसा ठेवून क्षमा मागा आणि आपले जीवन त्याच्या स्वाधीन करा. आधी सुधारतो आणि मग येतो, हा हिशेब उलटा आहे. येशूच्या दाखल्यातला, सारी संपत्ती उडवून घरी परतणारा उधळा पुत्र आठवा: पित्याने त्याला पाहिले तेव्हा तो अजून दूर होता, त्याच्या पायांत जोडा नव्हता आणि अंगावर चांगला झगाही नव्हता. ते दोन्ही त्याला घरी आल्यावर मिळाले.

प्रार्थनेनंतर त्याच दिवशी एक ठोस कृती करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. येशू घरी आला तेव्हा मुख्य जकातदार जक्कयाने आपले अर्धे द्रव्य दरिद्र्यांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे प्रभूसमोर उभे राहून जाहीर केले. तारण विकत घेण्यासाठी ते नव्हते, तर प्रभू घरी आल्याचे ते फळ होते. ज्याच्याशी अबोला आहे त्याला फोन करा आणि स्वतःचे समर्थन न करता क्षमा मागा. घेतलेले पैसे परत करा. सगळे आज शक्य नसतील तर जमतील तेवढे द्या आणि उरलेल्यांची तारीख सांगा. भावनेचा भर ओसरतो, पण एकदा टाकलेले पाऊल माणसाला मागे फिरताना अडवते.

आयुष्य हातातून गेले, आता उशीर झाला, असे ज्यांना वाटते त्यांनी येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या अपराध्याकडे पाहावे. चांगले काही करून दाखवायला त्याच्याजवळ वेळ नव्हता, हातपायही मोकळे नव्हते. त्याने येशूला फक्त आपली आठवण ठेवण्याची विनंती केली आणि त्याच दिवशीच्या सुखलोकाचे वचन मिळवले. परंतु पलीकडच्या वधस्तंभावरचा दुसरा अपराधीही प्रभूच्या तितकाच जवळ होता आणि त्याने निंदाच केली. शेवटच्या घटकेला मन वळेलच अशी हमी कोणालाही दिलेली नाही, कारण वारंवार टाळलेली हाक आपल्याला हळूहळू ऐकू येईनाशी होते. “आज जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल, तर आपली मने कठीण करू नका,” हा इशारा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो, तो याचसाठी.

निर्णय एकट्याजवळ ठेवू नका. घरातल्या किंवा मंडळीतल्या एका तरी व्यक्तीला तो आजच सांगा. तुमचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर पाळकांना भेटून त्याची तयारी विचारा. झालेला असून तुम्ही मंडळीपासून तुटला असाल तर येत्या रविवारच्या उपासनेला जा. रोजच्या वाचनासाठी लूककृत शुभवर्तमान घ्या, दिवसाला एक अध्याय वाचा, आणि वाचताना जिथे मन अडेल तिथे थांबून त्याच विषयावर प्रार्थना करा.