मीट-मी रूममध्ये फायबर जोडणारा रोबॉट घेताय? आधीची तयारी

महापे-रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांमध्ये पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या फायबर केबल) ओढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मीट-मी रूम म्हणजे तिथली वेगवेगळ्या कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांना जोडायची खोली. आता कुणी ‘रोबॉटिक क्रॉस-कनेक्ट (ही जोडणी हाताऐवजी यंत्राने करणारा रोबॉट) घेतोय, तयारी काय करू?’ असं विचारलं, की माझा पहिला प्रश्न असतो: तुमच्या पॅनेलवरची लेबलं खरं बोलतात का?

यंत्राचं काम साधं आहे. सगळ्या फायबर माणसांनी एकदाच पाठीमागे लावून ठेवायच्या. ऑर्डर आली की आतला हात कनेक्टर पकडतो, टोक पुसतो आणि बाकीच्या फायबरच्या जाळ्यातून वाट काढत तो नव्या पोर्टात बसवतो. म्हणजे सुरुवातीला हातकाम वाढतं. वीज गेली तरी लावलेली जोडणी तशीच राहते. याउलट सूक्ष्म आरशांनी प्रकाश वळवणारा मेम्स स्विच मिलिसेकंदांत मार्ग बदलतो, पण तो मार्ग धरून ठेवायला त्याला सतत वीज लागते. विक्रेता मोघम ‘ऑप्टिकल स्विच’ म्हणाला, तर दोन्हींपैकी कुठला ते वदवून घ्या.

आधी लिंक निवडा. वर्षानुवर्षं न हललेल्यांना रोबॉटचा महागडा पोर्ट देऊ नका. ज्या सारख्या लागतात-सुटतात, त्याच द्या. एकाच ग्राहकाचे मुख्य आणि पर्यायी असे दोन्ही मार्ग एका यंत्रात मुळीच नकोत. विक्रीवाले हे सांगत नाहीत.

मग नोंदी. बंद फायबरवर एका टोकाला लाल दिव्याचं पेन लावा, दुसऱ्या टोकाला माणूस उभा करा आणि मिळालेला पोर्ट त्याच क्षणी शीटमध्ये लिहा. थेट डोळ्यांनी टोकात बघायचं नाही; उजेड कागदावर पाडा. चालू लिंक यासाठी उपटू नका, ग्राहकाकडून पोर्टचं नाव लेखी मागवा. चुकीच्या नोंदीवरून माणूस निदान थबकतो, ‘ताई, इथे तर दिवा चालू दिसतोय’ असं विचारतो. यंत्र सांगितलेला पोर्ट मुकाट सोडवतं.

आता डेसिबलचा, म्हणजे वाटेत प्रकाश किती घटतो त्याचा हिशेब. १००जीबेस-डीआर (१०० गिगाबिट इथरनेटचा एक प्रकार) च्या ५०० मीटरच्या लिंकला एकूण ३ डेसिबल घट चालते. टीआयए या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकात एका जोडाला (दोन कनेक्टर भेटतात ती जागा) कमाल ०.७५ डेसिबलची मुभा आहे. असे चार जोड आले की बजेट तिथेच संपलं, काचेतली घट वेगळीच. चांगले जोड यापेक्षा बरेच कमी खातात, पण ते गृहीत धरू नका. यंत्राची कमाल घट विक्रेत्याकडून घ्या (सरासरी नको), ती धरून बेरीज करा आणि पॉवर मीटरने पडताळा.

यंत्र स्वतःचे कनेक्टर पुसतं. पाठीमागे तुम्ही हाताने लावलेले नाही. सिंगल-मोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यावर धुळीचा कण पुरतो. स्कोपने (फायबरचं टोक बघायच्या सूक्ष्मदर्शकाने) पाहा, पुसा, परत पाहा, मगच घाला. हिरव्या एपीसी कनेक्टरचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतो. तो सरळ घासलेल्या निळ्या यूपीसी कनेक्टरला लावला की घट वाढलीच. पाठीमागची बाजू तपासताना पाठवणारी आणि घेणारी फायबर उलटी लागलेली नाही ना, तेही बघून घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये जोडायला एकाची परवानगी पुरे. सोडवायला दोघांची ठेवा. महत्त्वाच्या पोर्टांना लॉक लावा. यंत्राचा हात बहुधा एका वेळी एकच काम करतो, तेव्हा तातडीच्या ऑर्डरला रांगेत पुढे कसं घ्यायचं ते आधीच ठरवा.

ग्राहकाची ट्रॅफिक घालण्याआधी बंद फायबरची एक जोडी इकडून तिकडे हलवून बघा, दर वेळी घट मोजा. मग यंत्राची वीज मुद्दाम काढा. लिंक हलली नाही, तर पहिला ग्राहक घ्या, तोही रात्रीच्या विंडोमध्ये (कामासाठी ठरवून घेतलेल्या वेळेत). यंत्राला वळसा घालता येईल एवढ्या लांबीच्या काही पॅच कॉर्ड पुसून, टोपणं लावून रॅकशेजारी टांगून ठेवा. हात मध्येच अडकला, तर दुरुस्तीवाला येईपर्यंत लिंक त्यांच्यावरच उभी करावी लागेल.